पहिला प्रश्न

फोन चार टक्क्यांवर आला म्हणून धाकट्याने टेबलाखाली वाकून चार्जर सॉकेटमध्ये खुपसला. नीट बसला नाही. काढला, उलटा धरला, आणि अडॅप्टरच्या पोटावरची चिठ्ठी त्याला दिसली. बोटभर लांबीचा कागद, वर पारदर्शक चिकटपट्टी, कडा मळून काळ्या झालेल्या. निळ्या शाईत, उभ्या सरळ अक्षरांत लिहिलेलं : ‘डबीचा. हलवू नये.’ तीन महिने हा अडॅप्टर रोज त्याच्या हातात होता, बॅगेत होता, रात्री उशाशी होता, आणि एकदाही त्याने तो उलटा करून बघितला नव्हता. कोण बघतं हो चार्जरच्या पोटाकडे? अक्षर बाबांचं होतं. बाबा पस्तीस वर्षं बंदराच्या गोदामात भांडारपाल होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचंच भांडार करून टाकलं होतं. किल्ल्यांना चिठ्ठ्या, बरण्यांना चिठ्ठ्या, विजेच्या प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी. टीव्हीला जोडायचा बॉक्स त्याने त्यांना आणून दिला तेव्हा त्याचं नाव त्यांना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याला डबी म्हणायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच दिवशी डबीच्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी लागली.

कानातल्या हेडफोनमध्ये एक बाई बोलत होत्या. “अहो, सारखा बंद होतो आणि आपला आपण चालू होतो. नुसतं नाटक लावलंय मेल्याने. ऐकताय ना?” “ऐकतोय, मॅडम,” धाकटा म्हणाला. याच बॉक्सांच्या तक्रारी ऐकण्याची त्याची नोकरी, नऊ वर्षांची, आणि तोंडाला इतकी सवय झालेली की डोकं दुसरीकडे असलं तरी तोंड आपलं काम करत राहायचं. आताही केलं. “बॉक्सबरोबर आलेलाच अडॅप्टर वापरताय ना? आणि तो भिंतीतल्या सॉकेटमध्येच आहे ना? टीव्हीच्या मागच्या यूएसबीत नाही ना लावलेला?” हा यादीतला पहिला प्रश्न. टीव्हीतून बॉक्सला पुरेशी वीज मिळत नाही. बॉक्स चालू होतो, चित्र दाखवतो, जरा जोर लागला की गपकन बसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शंभरातल्या चाळीस तक्रारी या एका प्रश्नात मिटतात. बाईंनी फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, मग दम लागलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, “अगं बाई, टीव्हीच्याच मागे लावलाय की हो! आता?” दोन मिनिटांत त्यांचं काम झालं. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिले. धाकट्याने तो अडॅप्टर अजून मुठीतच धरून ठेवला होता.

बाबांना त्याने हा प्रश्न विचारलाच नव्हता. अकरा वेळा त्यांचा फोन आला, अकरा वेळा त्याने यादी दुसऱ्या प्रश्नापासून सुरू केली, कारण डबी त्याने स्वतःच्या हातांनी जोडली होती आणि आपण जोडलेलं चुकीचं कसं असेल? अनोळखी बाईला विचारायचं, बापाला नाही. आता सगळं लख्ख आठवायला लागलं, इतके दिवस कुठे दडी मारून बसलं होतं कोण जाणे. मागच्या भेटीची सकाळ. टॅक्सी खाली थांबलेली, चालक हॉर्न देतोय, बॅगेत नुसती वायर आहे, आपला अडॅप्टर भाड्याच्या घरीच राहिलाय, फोन मरायला टेकलाय, बाबा अंघोळीला गेलेले. त्याने टीव्हीच्या बाजूचा अडॅप्टर उपटला आणि डबीची वायर टीव्हीच्याच मागे खोचली. लाल दिवा लागला. चाललं की, असं तो मोठ्याने म्हणालासुद्धा. बंद दारावर टकटक करून “बाबा, निघतो हो” म्हणाला आणि जिने उतरला. पोचलो की दुसरा पाठवून देऊ, असंही मनात आलं होतं. टॅक्सीत बसेपर्यंत ते मनात होतं. नंतर नव्हतं, इतकी साधी गोष्ट. नऊ वर्षं लोकांच्या या एकाच चुकीवर पोट भरणाऱ्या माणसाने तीच चूक करावी आणि वर ती विसरून जावी, म्हणजे कमालच झाली.

बाबा डबीवर बघायचे काय, तर बंदर. कुठल्या तरी लांबच्या बंदरावर कुणी कॅमेरा बसवला होता, त्यावर चोवीस तास जहाजं यायची, लागायची, रिकामी व्हायची. दुसऱ्या कुणाला ते दोन मिनिटं बघवलं नसतं. बाबा मात्र सकाळचा चहा घेऊन बसायचे आणि त्या परक्या हमालांवर खेकसायचे. “अरे गाढवा, जड माल खाली घे आधी! याला कोणी ठेवला कामावर?” आई गेल्यापासून घरात मोठ्याने बोलायचं ते एवढंच. आईचं जाणं लांबत गेलं होतं. विसरण्याचा आजार; सहा वर्षं ती थोडी थोडी जात राहिली आणि बाबा तिच्याबरोबर घरात राहिले, एक बाई मदतीला ठेवली नाही. ती गेल्यावर धाकट्याने डबी आणून दिली. स्वतः राहण्याऐवजी डबी दिली, हे त्याला तेव्हाही कळत होतं, पण नोकरी, भाड्याचं घर, चारशे किलोमीटर, सगळी कारणं खरी होती. खऱ्या कारणांमागे लपणं सगळ्यात सोपं.

पहिला फोन आला तेव्हा बाबांचा आवाज तक्रारीचा होता, म्हणजे ठणठणीत. “तुझी डबी कामचुकार निघाली. मोठं जहाज आलं की बंद पडते. लहान होड्यांना काही करत नाही.” धाकटा हसला होता. शेजारच्या खुर्चीवरच्या टकलूलाही त्याने ते ऐकवलं, दोघे मिळून हसले. आणि बाबांचं निदान बरोबर होतं! मोठं जहाज म्हणजे सगळा पडदा हलतो, डबीला जास्त काम, जास्त वीज. माणसाने बसून, बघून, वहीत वेळा टिपून काढलेलं निदान. दहा पाच, दहा सतरा, दहा चव्वेचाळीस. धाकट्याने ते कामावरच्या आवाजात मोडीत काढलं. “तसं काही नसतं, बाबा. तुम्ही कुठलं बटण दाबलंत का? आठवून बघा.” आठवून बघा! सहा वर्षं आईला हे दोन शब्द ऐकवले होते डॉक्टरांनी, त्या घरात तो हे शब्द फोनवरून सोडत होता. पुढच्या फोनला बाबा म्हणाले, दाबलं नाही असं वाटतंय. त्याच्या पुढच्याला म्हणाले, दाबलंही असेल. सातव्या-आठव्या फोनपर्यंत जहाजाचा विषय संपला होता. “तू कामात आहेस का? मग राहू दे. माझंच काहीतरी चुकतंय. हात कुठे जातो ते कळत नाही हल्ली.” धाकट्याला तेव्हा काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं, कारण फोन आवरता आला.

आणि ते दूध. ते आठवलं तेव्हा तो टेबलावरून उठून पाणी प्यायला गेला. त्या दिवशी त्याने बाबांना सांगितलं होतं, वायर काढा, हातात धरा, तीस सेकंद थांबा, मी सांगेपर्यंत लावू नका. आणि मधेच सुपरवायझर बाई आल्या म्हणून त्याने फोन होल्डवर टाकला. बाबा थांबले. भांडारपाल माणूस, सांगेपर्यंत लावू नका म्हटलं की लावणार नाही. वीस मिनिटं ते टीव्हीमागे वायर धरून उभे होते आणि स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन, आटून, पातेलं लाल होऊन धूर जिन्यात गेला. शेजाऱ्यांनी ताईला कळवलं. ताई, त्याची मोठी बहीण, तीन तासांवर राहते, लगेच धावली. बाबांनी तिला काय सांगितलं, तर “विसरलो.” धाकट्याचं नाव काढलं नाही. नंतर ताईने फोनवर रडत सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणू शकला असता, अगं, ते माझ्याशीच बोलत होते. तो म्हणाला, “बाप रे.”

तिथून पुढे सगळं भराभर झालं होतं. ताईने बाबांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, ते बाबांनी उत्तम काढलं, पण मग त्यांनीच होऊन सांगितलं की घरातली डबी माझ्या हातून रोज बिघडते आणि मला कळतही नाही कशी, माझ्या बायकोचंही रिमोटपासूनच सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले, एकटं राहू नये. बाबांनी घरमालकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, जागा सोडतो म्हणून. ताईने मागची खोली रिकामी केली. येत्या शनिवारी टेम्पो येणार होता, आणि अडॅप्टर उलटा झाला तो दिवस सोमवार होता.

“काय रे, कुणाचा चार्जर ढापलास?” टकलूने वाकून चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला. “डबीचा? कसली डबी, तपकिरीची?” धाकटा हसला, आणि हसता हसताच अंगठ्याचं नख चिकटपट्टीखाली घालून त्याने ती ओढली. ती निघता निघेना. कड सुटली, कागद फाटला, मागचा चिकटपणा त्याने रुमालाने घासून घासून काढला. हे आपण का करतोय, हे त्याला तेव्हाच पक्कं माहीत होतं. चिठ्ठी नसली की हा कुठलाही अडॅप्टर. बाबांकडे जायचं, नवीन आणलाय म्हणून सांगायचं, लावायचा, डबी चालू लागेल, सगळे खूश. कुणाला काही कळायचं कारण नाही. मंगळवारी त्याला हे फारच शहाणपणाचं वाटलं. बुधवारी दुपारी जेवताना घास तोंडात फिरायला लागला. डबी सुधारेल, पण बाबा? त्यांच्या हिशेबी डबी त्यांच्या हातून बिघडत होती आणि मुलाच्या हाताने सुधारली, एवढंच उरेल. त्यांचा स्वतःवरचा विश्वास कुठल्या सॉकेटमध्ये लावून परत येणार होता? ताईला फोन लावावा म्हणून तो तीनदा गच्चीवर गेला. चौथ्यांदा लावला. “अगं, बाबांबद्दल जरा…” “तू शनिवारी येतोयस ना?” ताई म्हणाली. “मला एकटीला सगळं ओढायला लावू नकोस हं. खोलीला रंग लावलाय, त्यांना आवडतो तो. बोल, काय म्हणत होतास?” “काही नाही. मी आधी जातो, गुरुवारी.” “शहाणा माझा भाऊ,” ताई म्हणाली, आणि हे ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी दुपारी तो पोचला तेव्हा दार उघडंच होतं. बाबा दिवाणखान्यात जमिनीवर बसून खोक्यांना चिठ्ठ्या लावत होते. ते बारीक झाले होते. सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटी राहत होती, आणि पूर्वी कधी न दिसलेली एक सवय लागली होती, प्रत्येक चिठ्ठी लावली की खोकं उघडून आत खरंच तेच आहे का ते बघायचं. “आलास? बस. नको, त्यावर नको, त्यात काचेचं आहे. थांब, आहे ना बघू दे.” त्यांनी तेही उघडून बघितलं. भिंतीवर बटणांखालच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांच्या शेजारी आता आणखी एक-एक चिठ्ठी होती : ‘बंद केलं का?’ डबी टीव्हीखाली तशीच होती, वर रुमाल टाकलेला. “ती मी लावत नाही हल्ली,” बाबा म्हणाले. “उगाच बिघडवण्यात काय अर्थ आहे?”

“मी नवीन अडॅप्टर आणलाय,” धाकटा म्हणाला. ठरवलेलं वाक्य, न ठेचकाळता बाहेर पडलं. “कधीकधी अडॅप्टरच जातो. आमच्याकडे फार तक्रारी आहेत तशा.” त्याने टीव्हीमागची वायर काढली, अडॅप्टरला जोडली, भिंतीत खोचली. लाल दिवा, मग पांढरा, मग गोल फिरणारं चिन्ह, मग बंदर. राखाडी पाणी, क्रेन, केशरी जाकिटातली माणसं. बाबा खोक्यांमधून उठून हळूहळू सोफ्यापर्यंत आले. लांबून एक मालवाहू जहाज येत होतं, अवाढव्य, आठ-आठ थरांचे कंटेनर. बाबांचे हात मांडीवर आवळले गेले. जहाज पडदाभर झालं. डबी बंद पडली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा बघितलं. ते खूश झाले असते तर धाकटा कदाचित गप्प बसला असता, खोटं कशाला बोला. पण बाबांनी वाकून सॉकेटमधल्या अडॅप्टरकडे बघितलं, हात लांबवून त्याच्या खालच्या बाजूला चाचपलं, आणि त्यांचा चेहरा गोंधळला. “इथे चार्जर होता ना रे एक? असाच? मी त्याला चिठ्ठी लावली होती. हलवू नये असं लिहिलं होतं, मला चांगलं आठवतंय.” ते टीव्हीमागे वाकले, जमिनीवर बघितलं, सोफ्याखाली बघितलं. “नाहीये. म्हणजे लावलीच नसेल. बघ, चिठ्ठी लावल्याचं आठवतंय आणि चार्जरच नाही. हे असं होतं बघ माझं.”

“बाबा, उठा. बसा इथे.” धाकट्याने त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. “तो मी नेला होता. मागच्या वेळी. टॅक्सी खाली थांबली होती आणि माझ्या फोनला चार्जर नव्हता, म्हणून मी हा काढला आणि डबी टीव्हीला जोडली. म्हणून ती बंद पडत होती. हा नवीन नाही, बाबा, हा तोच आहे. चिठ्ठी होती त्यावर. मी सोमवारी नखाने खरडून काढली, तुम्हाला कळू नये म्हणून. तुम्ही काहीही चुकीचं दाबलं नाहीत, एकदासुद्धा नाही. मोठ्या जहाजाचं तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. आणि दूध, दुधाच्या वेळी तुम्ही वायर धरून उभे होतात, मी तुम्हाला होल्डवर ठेवलं होतं. सगळं माझंच आहे.” बोलता बोलता तो रडायला लागला होता आणि त्याला बरंही वाटत होतं, छातीवरचं ओझं उतरत होतं. आता बाबा चिडतील, गाढवा म्हणतील, म्हणावंच त्यांनी. “मी आत्ता ताईला फोन करतो. शनिवारचं रद्द करू. घरमालकाशी मी बोलतो.”

बाबा चिडले नाहीत. ते त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत हळूहळू इतकी माया दाटून आली की धाकटा बोलायचा थांबला. “तुझी आई चष्मा फ्रीजमध्ये ठेवायची,” बाबा म्हणाले. “दिवसभर शोधायची, आणि सापडला की घाबरायची. आपण ठेवला हे तिला कळायचं ना, म्हणून. मग मी म्हणायचो, अगं, मीच ठेवला, लोणी काढताना हातात होता. किल्ल्या हरवल्या, मी हरवल्या. नळ चालू राहिला, मी ठेवला. नुसतं तेवढं सांगून पटायचं नाही तिला. मग कधी, कसा, घाई कसली होती, सगळं रचून सांगावं लागायचं. आधी वेगळं काहीतरी बोलून मग मान्य केलं, की जास्त पटायचं. सहा वर्षं. ती मला रागवायची आणि तिचा तो दिवस बरा जायचा.” त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. “हे मी कुणाला सांगितलं नव्हतं रे. ताईलासुद्धा नाही. तुला कसं सुचलं?”

“बाबा, मी खरं बोलतोय. हे मी रचलेलं नाही. तुम्ही वही काढा, तारखा बघा, मी गेलो त्या दिवसापासूनच…”

“हो रे, हो,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. “दूधसुद्धा तूच का?”

“हो! मीच!”

“बरं, तूच. सगळं तूच केलंस.” ते उठले, त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आणि टीव्हीकडे न बघता पुन्हा खोक्यांपाशी जाऊन बसले. “शनिवारचं राहू दे तसंच. ताईने रंग लावून घेतलाय. आणि तू असा रडू नकोस, मी तुझ्यावर अजिबात रागावलेलो नाही.”